रांग एम

बातमी मंगळवारी आली, मासे कापायच्या पाळीत.
हातमोजे बर्फाळ, फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत,
आणि फोरमन ग्लिन, जो आजवर
फक्त घड्याळाकडे बोट दाखवत आला,
माझ्या शेजारी येऊन म्हणाला, टास्कर गेला.
गेला म्हणजे वारला असं वाटून
माझ्या हातातला हॅडॉक खाली पडला.

नाही. नुसता विकला.
दक्षिणेत कुठंतरी, वरच्या डिव्हिजनला,
जिथं मैदानाखालीसुद्धा गरम पाण्याचे नळ असतात.

आम्ही ग्रिम्सबीचे. आमचा क्लब असा,
की घरचा सामनाही शेजारच्या गावात खेळतो.
वारा समुद्राकडून येतो आणि चेंडू परत पाठवतो.
त्या वाऱ्यात तो एकटाच
डाव्या पायानं असा काही क्रॉस टाकायचा,
की चेंडू आधी बाहेर चाललाय असं दाखवून
जरा विचार करून आत वळायचा.
डोरीन म्हणायची... पण डोरीनचं नंतर.

शर्वरीच्या जर्सीवर त्याचं नाव मीच चिकटवून आणलेलं.
अक्षरामागं दोन पाउंड, इंग्रजीत सहा अक्षरं.
मराठीत तीनात भागलं असतं,
हे मी दुकानदाराला सांगितलं; तो हसला नाही.
आता ती जर्सी ती धुवायला टाकत नाही,
घालतही नाही.
खुर्चीच्या पाठीला अडकवून ठेवलीय,
म्हणजे खोलीत शिरलं
की तो पाठमोरा बसलेला दिसतो.

पबमध्ये शिव्या. पैशासाठी गेला,
बायकोनं नेला, एजंटानं नेला.
मीही एक दिली, कोल्हापुरी, खास ठेवणीतली.
इथं ती कुणाला कळली नाही.
घरंगळत माझ्याच पायाशी येऊन थांबली.

कारण मीही गेलोच होतो की.
शाहू स्टेडियमवर सेमीफायनल, आमची तालीम,
राइट बॅक मी, आणि आठ दिवस आधी व्हिसा.
पेठेतल्या पोरांनी वर्गणी काढून बूट दिले होते.
ते मी बॅगेत भरले,
तेवीस किलोत बसेनात म्हणून परत काढले.
इकबाल मुजावर स्टँडवर आला नाही.
दोन वर्षांनी त्याचा फोन: हरलो रे. पेनल्टीवर.
कुठली मॅच, मी विचारलं.
तेव्हाची, म्हणाला, आणि ठेवून दिला.

तर डोरीन.
माझ्या डावीकडची सीट, वय एकोणऐंशी.
टास्करला मूल होणार हे कळल्यापासून
स्टँडमध्ये बसून टोपडं विणत होती,
काळं-पांढरं, पट्ट्यापट्ट्यांचं.
गोल झाला की टाके सुटायचे.
चांगला चालला होता हंगाम,
टोपडं काही पुढं सरकत नव्हतं.

शनिवारी त्याच्या जागी एक एकोणीस वर्षांचा पोरगा.
त्यानं क्रॉस टाकला, वाऱ्यानं तो पार्किंगमध्ये नेऊन ठेवला.
कुणी ओरडलं नाही.
समोरचा माणूस हवा गेलेला रबरी मासा
मांडीवर घेऊन नुसता बसून होता.

मध्यंतरात डोरीननं फ्लास्क उघडला नाही.
पिशवीतून टोपडं काढलं, पुरं झालेलं,
आणि एक तपकिरी पाकीट.
माझा हात थरथरतो, तू लिही, म्हणाली, त्यांचा पत्ता.
त्यांचा.
मी लिहिलं: त्याचं नाव,
नव्या क्लबचं नाव, तेव्हा तिनं मान फिरवली,
गाव, पोस्टकोड.
हे रंग तिथं चालायचे नाहीत, मी म्हणालो.
बाळाला काय कळतंय, ती म्हणाली.

मग पाकीट उलटं करून
पाठवणाऱ्याच्या जागी तिनं स्वतःच पेन टेकवलं.
घराचा नंबर नाही, गल्ली नाही.
वाकड्यातिकड्या अक्षरांत:
रांग एम, सीट एकशे चार.
जरा थांबून पेन माझ्याकडे दिलं.
मी खाली लिहिलं, एकशे पाच.